‘एफआयआर’ पोलीस ठाण्यातच नाही, आकाशातही असतो! विमानाला वाट देणारी ही हद्द नेमकी काय आहे?

21 मे 2025. दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं 6ई-2142 हे विमान पठाणकोटजवळ 36 हजार फुटांवर होतं. विमानात 220 पेक्षा जास्त प्रवासी होते आणि समोर गारांचं वादळ उभं होतं. वैमानिकांनी डावीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमेच्या दिशेने वळण्याची परवानगी मागितली. तिथलं हवाई नियंत्रण भारतीय हवाई दलाकडे होतं. परवानगी मिळाली नाही. मग त्यांनी थेट लाहोरशी संपर्क साधला. तिथूनही नकार आला.

मागे फिरायचा विचार झाला, पण तोवर ढग अगदी जवळ आले होते. अखेर विमान वादळातूनच गेलं. डीजीसीएने नंतर दिलेल्या माहितीनुसार, एका क्षणी ते मिनिटाला 8,500 फूट या वेगाने खाली येत होतं. विमान श्रीनगरला सुखरूप उतरलं, कुणालाही इजा झाली नाही. पण विमानाच्या नाकाची काय अवस्था झाली होती, ते फोटो तुमच्याही टाइमलाइनवर येऊन गेले असतील.

तेव्हा अनेकांनी विचारलं होतं: हवेत परवानगी मागायची कुणाकडे, आणि नाही म्हणण्याचा अधिकार कुणाचा?

आकाशातला ‘एफआयआर’ म्हणजे काय?

एफआयआर म्हटलं की आपल्याला पोलीस ठाणं आठवतं. विमानवाहतुकीत मात्र या तीन अक्षरांचा अर्थ आहे फ्लाइट इन्फर्मेशन रीजन, म्हणजेच उड्डाण माहिती क्षेत्र. जगभरचं आकाश अशा क्षेत्रांत वाटलेलं आहे. समुद्रावरचं आकाशही त्यात आलं. ही वाटणी संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या आयकाओ या संस्थेच्या माध्यमातून ठरते.

प्रत्येक क्षेत्रात दोन कामं व्हावीच लागतात. पहिलं, वैमानिकाला माहिती देणं: हवामान, बंद धावपट्टी, आसपासची धोक्याची ठिकाणं. दुसरं, विमानाशी संपर्क तुटला किंवा ते संकटात सापडलं, तर शोध आणि बचाव यंत्रणेला तातडीने कळवणं. विमानांना एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवणारं हवाई नियंत्रणही बहुतेक ठिकाणी याच हद्दींनुसार चालतं.

भारतात अशी किती क्षेत्रं आहेत?

मुख्य चार: मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. ईशान्येसाठी गुवाहाटीचं उपक्षेत्र आहे. हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरण बघतं.

मुंबईचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं नाही. ते अरबी समुद्रात इतकं दूर जातं की त्याची हद्द कराची आणि मस्कतलाच नाही, तर आफ्रिकेच्या बाजूला मोगादिशूच्या क्षेत्रालाही भिडते. मुंबईहून दुबईला जाताना तुम्ही समुद्रावर असता, खाली कुठलाच देश नसतो. तरीही विमानाची जबाबदारी आधी मुंबईकडे आणि पुढे मस्कतकडे असते.

मग ते आकाश भारताच्या मालकीचं झालं का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

1944 च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचं आपल्या भूभागावरच्या आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व असतं. त्यात किनाऱ्यालगतचा समुद्रही येतो, साधारण 12 सागरी मैलांपर्यंत. त्यापलीकडचं आकाश कुणाचंच नाही. तिथे देशाकडे सेवा देण्याची जबाबदारी असते, मालकी नाही.

उलट उदाहरणही आहे. इंडोनेशियाच्या रिआऊ बेटांवरचं आकाश कित्येक दशकं सिंगापूर सांभाळत होतं. बेटं इंडोनेशियाची, विमानांना सूचना मात्र सिंगापूरच्या. 2022 मध्ये करार झाला आणि 21 मार्च 2024 पासून ही हद्द नव्याने आखली गेली. तरीही त्यातल्या काही भागाची सेवा इंडोनेशियाने सिंगापूरकडेच सोपवली आहे.

‘हवाई हद्द बंद’ म्हणजे काय बंद होतं?

पहलगाम हल्ल्यानंतर 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं. 30 एप्रिलला भारतानेही तेच केलं. अशी बंदी ‘नोटॅम’ नावाच्या सूचनेतून जाहीर होते. दोन्ही देश तिची मुदत महिन्यामहिन्याने वाढवत राहिले.

याची किंमत मोठी असते. बालाकोटनंतर 2019 मध्ये हे आकाश जुलैपर्यंत बंद होतं, तेव्हा एकट्या एअर इंडियाला 491 कोटी रुपयांचा फटका बसल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं. दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं आधी दक्षिणेला गुजरातकडे येतात, मग समुद्रावरून पश्चिमेला वळतात. वेळ वाढतो, इंधन वाढतं. पाकिस्तानही तोट्यात जातो, कारण आकाश वापरू देण्याचं शुल्क बुडतं.

मग लाहोरने नियम मोडला का?

स्वतःच्या आकाशात कुणाला येऊ द्यायचं, हे ठरवण्याचा अधिकार पाकिस्तानला आहे. संकटातल्या विमानाला मदत करण्याचं कलम शिकागो करारात आहे, पण ते देशाच्या हद्दीत असलेल्या विमानाबद्दल बोलतं. 6ई-2142 हद्दीबाहेर होतं. त्यामुळे कायद्याच्या भाषेत नकाराला जागा होती. आणि हेही विसरायला नको की पहिला नकार आपल्याच बाजूने आला होता. सीमेवर तणाव असताना त्यामागचं कारण समजू शकतं.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. उड्डाण माहिती क्षेत्रं आखली गेली ती विमान कुठेही असलं तरी कुणीतरी त्याची काळजी घ्यावी म्हणून. जबाबदारी कुठे संपते आणि कुठे सुरू होते, हे सांगणारी ती रेषा आहे. राजकारण तापलं की तीच रेषा भिंत होते. वादळाला मात्र ती दिसत नाही.

हवाई बंदी घालणं हा सरकारांचा निर्णय आहे आणि तो पुन्हाही होईल. पण बंदीच्या सूचनेतच खराब हवामानासाठी काही मैलांची, काही मिनिटांची सवलत आधीच लिहून ठेवता येईल. ऐन वादळात, रेडिओवर, काही सेकंदांत ती मागायची वेळ कुठल्याच वैमानिकावर येऊ नये. दिल्लीच्या नाही आणि लाहोरच्याही नाही.