पोळ्याच्या आत मासळी तपासा

अमरावती आणि अकोल्यातले मासळीचे ठोक व्यापारी, शीतगृहांचे मालक आणि अन्न व औषध प्रशासन, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. श्रावणात मासळीला गिऱ्हाईक कमी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मात्र दुकानांपुढे रांगा लागतात. तुमच्या हातात मधले तेवढेच दिवस आहेत.

वऱ्हाडाला समुद्र नाही. वान, काटेपूर्णा, अप्पर वर्धाची मासळी आम्हाला पुरत नाही. म्हणून आंध्रातून थर्माकोलच्या पेट्यांत रोहू-कटला येतो आणि व्हिएतनामचा बासा गोठवलेल्या पाकिटांत. गोठवलेला मासा उणे 18 अंशांवर राहिला पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर जातो, वीजही जाते. गेल्या उन्हाळ्यात मी एका दुकानातून असंच एक पाकीट आणलं. आतले तुकडे एका बाजूला घसरून एकमेकांना चिकटलेले, कोपऱ्यात लालसर बर्फाचा गोळा. मासा वितळला होता, पाणी सुटलं होतं आणि ते पुन्हा गोठवलं होतं. लेबलवरची तारीख मुदतीतलीच होती. घरात लहान लेकरं आहेत. पाकीट उकिरड्यावर टाकलं.

शिजवलं की सगळं मरतं, हे आता सांगू नका. गरमीत राहिलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार होतं. ते उकळून जात नाही, गोठवूनही जात नाही. आणि फॉर्मेलिन? प्रेतं टिकवायचं ते रसायन. जून 2018 मध्ये केरळच्या आर्यनकावू नाक्यावर फॉर्मेलिन लावलेली सुमारे 9,600 किलो मासळी पकडली गेली. पुढच्याच महिन्यात मडगावच्या बाजारातल्या तपासणीनंतर गोव्याने बाहेरची मासळी काही दिवस बंद केली. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन ओळखायला कागदी पट्टी काढली आहे. माशावर घासायची, थेंब टाकायचा, रंग पाहायचा. काही मिनिटांचं काम आहे.

रोगी माशाचं पाणी नाल्यात सोडणाऱ्यांनीही ऐकावं. टिलापियाचा विषाणू माणसाला बाधत नाही, पण नाल्यातून तळ्यात पोचला तर तिथला टिलापिया मारतो. त्या तळ्यावर आमच्या भोई बांधवांचं पोट आहे.

गाडी उतरते तिथेच पट्टी लावा, पेटीचं तापमान मोजा, माल कुठून आला त्याचं बिल दाखवा आणि रोजचा निकाल बाजारात फळ्यावर लिहा. प्रशासनाने नमुने घ्यावेत आणि अहवाल लोकांसमोर ठेवावा.

हे झालं नाही, तर करीच्या दिवशी आम्ही स्वतः येऊ. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. आम्ही तोंडावर सांगू आणि मासा घेऊन जाऊ. अहवाल 14 दिवसांत मिळतो. दोष निघाला तर आमची फी परत मिळते आणि तुमच्यावरच्या खटल्याची कारवाई सुरू होते.