चाकांवरचे घर, जमिनीचा कायदा

कर्नाटकाने २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातील ७९-अ आणि ७९-ब ही कलमे रद्द केली आणि बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. चोर्ला घाटापलीकडची खानापूर तालुक्यातील शेती त्यामुळे गोव्यातील खरेदीदारालाही खुली झाली. मात्र जमिनीबरोबर तिथे घर उभारण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. यावर तोडगा म्हणून तयार कंटेनर किंवा चाकांची केबिन ठेवली की परवानगीची गरज उरत नाही, असे अनेकजण मानतात. हा समज धोक्याचा आहे.

कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ नुसार शेतजमिनीचा अन्य कारणासाठी वापर करण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. या कलमाचा रोख जमिनीच्या वापरावर आहे. घराला पाया आहे की चाके, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. शेतघराची मुभा आहे, पण ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या वापरासाठी आणि धारण क्षेत्राच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. पर्यटकांना भाड्याने देण्याच्या केबिनी त्यात बसत नाहीत.

खरा संदिग्धपणा ग्रामपंचायतीच्या पातळीवर आहे. पंचायत राज कायदा, १९९३ चे कलम ६४ इमारत उभारण्यासाठी पंचायतीची परवानगी आवश्यक ठरवते. मग हलवता येणारी केबिन ही इमारत म्हणायची का? मोबाइल मनोऱ्यांवरील मालमत्ता कराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये ‘इमारत’ या शब्दाचा व्यापक अर्थ स्वीकारला. तो निकाल कराधानापुरता असला, तरी ‘हे हलवता येते’ एवढाच बचाव पुरेसा नाही, याची सूचना त्यातून मिळते.

याच जिल्ह्यात चाकांवरून येणारा दुसरा संसारही आहे. दिवाळीनंतर निपाणी, चिकोडी भागात ऊसतोड कामगार बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन उतरतात व हंगाम संपेपर्यंत कोप्यांत राहतात. स्थलांतरित कामगारांच्या निवाऱ्याची जबाबदारी १९७९ च्या केंद्रीय कायद्याने ठेकेदारावर टाकली होती. तरीही उसाच्या पाचटाची कोपी आजही दिसते.

कायद्याचे संरक्षणही दोघांना सारखे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बांधकाम पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस बंधनकारक केली. मात्र रस्ता, पदपथ, लोहमार्ग वा नदीकाठालगतच्या सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामांना हे आदेश लागू नाहीत. परिणामी खासगी शेतातील विनापरवाना केबिनच्या मालकाला म्हणणे मांडण्याची संधी मिळेल. रस्त्याकडेच्या कोपीतील कुटुंबाला या आदेशाचा आधार नाही.

उपाय अवघड नाही. गोव्यात किनाऱ्यावरील शॅक हंगामापुरते परवान्याने उभे राहतात आणि पावसाळ्यापूर्वी उतरवावे लागतात. तिथे कसोटी मुदतीची आणि वापराची आहे. सीमाभागातील पंचायतींनाही असाच नियम उपयोगी पडेल: भाड्याच्या केबिनला बिगरशेती परवानगीची अट आणि ऊसतोड कामगारांच्या हंगामी वस्तीसाठी पाणी, शौचालयासह निश्चित जागा. तोवर चाकांच्या भरवशावर पैसा गुंतवणाऱ्याने आधी जमिनीचा उतारा आणि बिगरशेतीचा आदेश तपासावा. महसुली कागद कन्नडमध्ये असतात. ते जाणकाराकडून वाचून घेणेच हिताचे.