चार्जर कुणाच्या पिशवीत?

मे २०२३. स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न. तळ्याकाठी छान गार वारा सुटलेला, हातात नातवंडांसाठी घेतलेल्या चॉकलेटची पिशवी आणि पर्समधला मोबाइल ठार बंद! आमचा चाळीस जणांचा ग्रुप खरेदीसाठी पांगला होता. साडेपाचला श्वानेनप्लाट्झ नावाच्या चौकात जमायचं ठरलं होतं. मी शहाण्या मुलीसारखी दहा मिनिटं आधीच हजर. पण ना बस, ना ओळखीचा एकही चेहरा. पावणेसहा झाले, सहा वाजले. पोटात गोळा यायला लागला.

मागाहून कळलं ते असं, की बस तिथे न थांबता लोवेनप्लाट्झला येणार असल्याचा निरोप टूर मॅनेजरने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. सगळे तिकडे गेले. आमच्या ह्यांना वाटलं, मी नणंदेबरोबर आहे. नणंदेला वाटलं, मी दादाबरोबर असणार. आणि मी तिसऱ्याच ठिकाणी, काळ्या पडद्याकडे बघत उभी.

कुणाकडून तरी फोन लावावा म्हटलं, तर नंबर कुणाचा पाठ आहे? ह्यांचा नाही, मुलीचा नाही, हॉटेलचं नावसुद्धा मोबाइलमध्येच. तोंडपाठ होता फक्त नाशिकच्या घरचा लँडलाइनचा नंबर, जो आम्ही केव्हाच परत करून टाकलाय!

शेवटी समोरच्या पेपर-सिगारेटच्या छोट्या दुकानात शिरले. गल्ल्यावरच्या बाई श्रीलंकेच्या तमीळ निघाल्या. माझं मोडकंतोडकं इंग्रजी आणि रडवेला चेहरा पाहून त्यांनी काही न विचारता माझा फोन घेतला, उलटा करून त्याचं भोक पाहिलं आणि स्वतःच्या फोनची वायर काढून माझ्या फोनला लावली. दहा मिनिटांत चार टक्के. तेवढ्यात एक फोन झाला. पलीकडून पहिलं वाक्य काय आलं असेल?

‘‘अगं, होतीस कुठे तू? आणि फोन कशाला बंद ठेवतेस?’’

या ‘बंद ठेवतेस’चा मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. म्हणून आजचा हा लेख. कारण फोन मी बंद ठेवला नव्हता. तो बंद पडला होता, आणि का पडला त्याचा हिशेब मी बसमध्ये मान वळवून बसल्या बसल्या मांडला.

झालं असं होतं. फ्रान्समध्ये आपले गोल दोन पिनांचे चार्जर तसेच्या तसे बसत होते. स्वित्झर्लंडमध्ये मात्र भिंतीतलं सॉकेट षटकोनी खाचेत आत गेलेलं. पिना जुळत होत्या, पण आमच्या चार्जरचं जाडजूड अंग त्या खाचेत शिरेना. म्हणजे अ‍ॅडाप्टर हवा. तो सगळ्यांत मिळून एक, आणि तो ह्यांच्या पाउचमध्ये. रात्री त्यावर आधी ह्यांचा फोन लागला, कारण त्यात तिकिटं. मग कॅमेऱ्याची बॅटरी, कारण उद्या बर्फाचे फोटो. मग नणंदेचा फोन, कारण ती पाहुणी. माझा नंबर आला सकाळी साडेसहाला. लावला, आणि ‘‘नाश्त्याला उशीर होतोय’’ म्हणून हे दार ओढून निघाले. निघताना दाराजवळच्या खाचेतलं खोलीचं कार्ड त्यांनी सवयीने काढून खिशात टाकलं. कार्ड निघालं की खोलीतली वीज बंद. पाऊण तासाने परत आलो, तर माझा फोन जिथल्या तिथे, अठरा टक्क्यांवर!

नंतर दिवसभर डोंगरावर फोटो, व्हिडिओ, मुलीला दाखवायला व्हिडिओ कॉल. गारठ्यात बॅटरी आणखी लवकर उतरते. पाच वाजेपर्यंत टिकला हेच नवल.

आता मला सांगा, या सगळ्यात कुणी दुष्टपणा केला का? मुळीच नाही. सगळं अगदी आपल्या घरच्यासारखंच झालं. गरम पोळी आधी सगळ्यांना, आपल्याला शेवटची. तीच रांग स्वित्झर्लंडच्या भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत पोचली, एवढंच. आणि त्या रांगेत मला कुणी ढकललं नव्हतं, मीच जाऊन शेवटी उभी राहिले होते.

तुम्ही म्हणाल, एका चार्जरचा केवढा बाऊ करते ही बाई! पण थोडा विचार करा. १९९८ मध्ये मी पहिल्यांदा परदेशी गेले, दुबईला भावाकडे. तेव्हा तिकीट कागदाचं, पैसे नोटांचे, भावाचा पत्ता आणि नंबर डायरीत, आणि ती डायरी माझ्या पर्समध्ये. चुकलेच असते, तर टॅक्सीवाल्यासमोर डायरी धरली असती. आज तिकीट मोबाइलमध्ये, हॉटेलचा पत्ता मोबाइलमध्ये, नकाशा मोबाइलमध्ये, बँकेचा ओटीपी मोबाइलवर. परक्या गावात बाईचा फोन बंद पडला, तर तिची वाट, पैसे आणि माणसं तिन्ही एकदम जातात. आणि हे सगळं ज्याच्यावर अवलंबून, त्याची वायर दुसऱ्याच्या पिशवीत?

आपल्या घरांत प्रवासाची खाती कशी वाटलेली असतात बघा. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोळ्यांचे डबे, सुईदोरा, सेफ्टी पिना हे खातं आपलं. पासपोर्ट, पैसे आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ हे खातं त्यांचं. वर आपणच कौतुकाने सांगतो, ‘‘मला बाई त्यातलं काही कळत नाही, सगळं हेच बघतात.’’ मीही पुष्कळ वर्षं सांगितलंय.

पण खरंच कळत नाही का? लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या कुठल्याही आईला विचारा, मिक्सर कुठला नेणार? ती झटकन सांगेल, ‘‘इथला चालत नाही तिथे, एकशेदहाचा घ्यावा लागतो.’’ दुकानात जाऊन ‘अमेरिकेसाठीचा’ मिक्सर मागणाऱ्या, त्याच्या खालचं लेबल चष्मा लावून वाचणाऱ्या बायका मी पाहिल्यात. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, अमेरिकेत १२०च्या आसपास. हे आपल्याला चटणी वाटता वाटता कळलेलं आहे. मग तेच ज्ञान मोबाइलच्या चार्जरला लावायला हरकत काय?

उलट चार्जर मिक्सरपेक्षा सोपा. त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत ‘इनपुट’पुढे १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. बहुतेक मोबाइलच्या, लॅपटॉपच्या चार्जरवर असतंच. ते असेल तर जगात कुठेही चालणार, फक्त पिनांचा आकार जुळवायचा. त्यासाठी अ‍ॅडाप्टर. आणि अ‍ॅडाप्टर फक्त आकार बदलतो, वीज बदलत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. माझी एक मैत्रीण चहासाठी इथली किटली अ‍ॅडाप्टर लावून न्यू जर्सीला वापरायला गेली. जळलं काही नाही, पण पाणी तापायला चौपट वेळ! तिची सून मात्र तिथला केस सरळ करायचा चिमटा इकडे घेऊन आली आणि तसाच भिंतीत लावला. धूर निघाला, चिमटा गेला. कमी व्होल्टचं यंत्र जास्त व्होल्टवर लावायचं नसतं. तिच्या सासूला हे मिक्सरमुळे ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही.

पिनांचं सांगायचं तर इंग्लंड, दुबई, सिंगापूर इथे तीन चौकोनी जाड पिना. अमेरिका आणि जपानला चपट्या पिना. ऑस्ट्रेलियाला तिरक्या. सगळ्या आकारांचा मिळून एक अ‍ॅडाप्टर आपल्याकडे दुकानांत सहज मिळतो. एका पैठणीच्या पिशवीलासुद्धा आपण त्याहून जास्त पैसे देतो.

याच मैत्रिणीची आणखी एक गंमत. अमेरिकेत सॉकेटला आपल्यासारखं बटण नसतं. पहिल्या रात्री ती बटण शोधत बसली, मग जावयाने सांगितलं, आई, नुसतं खुपसा. तिने खुपसलं, झोपताना सवयीप्रमाणे दिवा मालवला, आणि सकाळी फोन रिकामा. तिथे काही खोल्यांत एखादं सॉकेट भिंतीवरच्या दिव्याच्या बटणालाच जोडलेलं असतं. दिवा बंद की तेही बंद. वीज वाचवायचे आपले संस्कार असे आड येतात!

पॉवर बँकेचं मात्र नीट ऐका, कारण तिच्यामुळे विमानतळावर बॅग उघडावी लागते. ती मोठ्या बॅगेत टाकायची नाही, कायम हातातल्या सामानात. शंभर वॅट-अवरपर्यंतची चालते. आपल्या साध्या दहा हजारवालीचे ३७ होतात, वीस हजारवालीचे ७४, म्हणजे दोन्ही बसतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानजवळ एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं आणि संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर नियम आवळले गेले. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून, तर एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायला मनाई केली. निघण्याआधी आपल्या विमान कंपनीचा नियम वाचून घ्यावा. स्वतः वाचावा. ‘‘ह्यांनी वाचलाय’’ नको.

आमच्या घरात या विषयावर अजून वाद आहे. ह्यांचं म्हणणं, दोघांना दोन चार्जर, दोन अ‍ॅडाप्टर म्हणजे उगाच ओझं, एकाने सांभाळलं की हरवत नाही. त्यात तथ्य नाही असं नाही. आमच्याकडे छत्र्या हरवतात त्या माझ्याच हातून. पण चार्जर हरवला तर नवा घेता येतो. ल्युसर्नच्या चौकात मी जी पाऊण तास उभी होते, तो वेळ मला पुन्हा नको आहे. शिवाय आता बहुतेक फोनना एकाच तऱ्हेची वायर चालते. युरोपियन युनियनने तर २८ डिसेंबर २०२४ पासून विकायच्या नव्या मोबाइलना ते ‘टाइप-सी’चं भोक सक्तीचंच केलं. तेव्हा कुणाचीही वायर कुणालाही द्यायला सोपं झालंय. त्या तमीळ बाईंनी नाही का दिली?

आता माझ्या पर्समध्ये एक छोटी कापडी थैली असते, वर काजूकतलीचा कागद बांधायचा सोनेरी गोंडा. आत चार्जर, वायर, अ‍ॅडाप्टर, दहा हजारची पॉवर बँक आणि एक कागद. कागदावर ह्यांचा, मुलीचा आणि टूर मॅनेजरचा नंबर, हॉटेलचं नाव आणि पत्ता, निळ्या पेनने, मोठ्या अक्षरांत. बॅटरी संपली तरी कागद संपत नाही. आणि हॉटेलमध्ये शिरल्या शिरल्या मी रिसेप्शनवर दुसरं कार्ड मागून घेते. एक जायला-यायला, एक भिंतीतच राहतं.

पुढच्या महिन्यात आम्ही जपानला निघालोय. तिथे १०० व्होल्ट, पिना चपट्या, चार्जरवरचं लेबल मी वाचून ठेवलंय. काल रात्री हे कपाटं धुंडाळत होते. ‘‘अगं, माझा अ‍ॅडाप्टर सापडत नाहीये. तुझ्यावर भागेल ना दोघांचं?’’

‘‘भागेल की,’’ म्हटलं, ‘‘आधी माझा होऊ दे.’’