लाल म्हणजे चूक, हिरवे म्हणजे बरोबर?



रंगांचे राजकारण आपल्याला नवे नाही. कुंकवाचा लाल, चुड्याचा हिरवा आणि नवरा गेला की दोन्हींवर बंदी, यावर आपण शिबिरांतून कितीतरी वेळा बोललो आहोत. आता रंगाचा प्रश्न मोबाईलच्या पडद्यावर आला आहे आणि तिथे मात्र आपण गप्प आहोत. रंगबिंग ते डिझाइनवाले बघतील, म्हणून सोडून देतो.

'दीक्षा' आणि 'स्वयम्' ही केंद्र सरकारची ऑनलाईन शिक्षणाची व्यासपीठे २०१७ मध्ये सुरू झाली. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलमध्ये शिरली. आता संघटनासुद्धा कायद्याचे, आरोग्याचे, बचत गटाच्या हिशेबाचे पाठ ऑनलाईन करून घेतात. ते शिकणारी कोण? बऱ्याचदा चाळिशी-पन्नाशीची बाई. मोबाईल मुलाचा, काच तडकलेली, बॅटरी पुरावी म्हणून उजेड कमी केलेला, आणि ती बसलेली अंगणात, उन्हात. पुढ्यात पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांतला पाठ. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, मोतीबिंदू धरला की फिकट छटा एकमेकींत मिसळतात, आणि शस्त्रक्रियेसाठी घरात तिची पाळी कधी येते ते आपण जाणतोच. अक्षर दिसत नाही म्हणून ती अडते, पण म्हणते काय? "मला नाही बाई जमत." दोष डिझाइनचा, आणि तो घेते ती स्वतःच्या बुद्धीवर.

हा नुसता आवडीनिवडीचा मामला नाही, तो मोजता येतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००८ च्या निकषांनुसार अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१ ला १. पांढऱ्यावर भडक लाल जेमतेम ४, पिवळे १ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ अदृश्यच. आणि 'खास महिलांसाठी' म्हणून जो चटकदार गुलाबी आपल्या माथी मारला जातो, तोही बऱ्याचदा या निकषात बसत नाही. बायकांसाठी म्हणून निवडलेला रंग बायकांनाच वाचता येऊ नये! हा गुलाबी काही निसर्गाने आपल्याला नेमून दिलेला नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने मुलग्यांना गुलाबी आणि मुलींना निळा घाला, असाच सल्ला दिला होता.

दुसरी खोड लाल-हिरव्याची. उत्तर चुकले की चौकट लाल, बरोबर असले की हिरवी, बाकी शब्द नाही. ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांना निकालच कळत नाही. हे रंगांधत्व पुरुषांत बायकांपेक्षा पुष्कळ जास्त, कारण ते एक्स गुणसूत्रावरून येते. (मुलाला ते आईकडून येते; म्हणून तिला बोल लावायला एक नवे निमित्त मात्र नको.) पण ज्यांना रंग नीट दिसतात त्यांचे तरी काय? शाळा अर्ध्यावर सुटलेल्या बाईला वहीवरच्या लाल शाईची आठवण पुरेशी असते. पडदाभर लाल पसरवण्यापेक्षा 'पुन्हा पाहा' असे दोन शब्द आणि एक खूण द्यायला कितीसा खर्च येतो?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. न्यायालयात गेलेल्यांत ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रिया होत्या. वाद बँका वगैरेंच्या ऑनलाईन ओळख पडताळणीचा होता, पण तत्त्व आपल्या पाठांनाही लागू पडते. सरकारकडे हे मागताना आपले स्वतःचे पाठ कसे आहेत, हे विचारले जाणारच.

तेव्हा पुढचा पाठ तयार होऊन आला की मोबाईलच्या सेटिंगमधून रंग बंद करून तो कृष्णधवल पाहा. मग गटातल्या सगळ्यांत वयस्क बाईच्या हातात, भर उन्हात, द्या. ती कुठे अडते ते लिहून ठेवा आणि तेवढे दुरुस्त होईपर्यंत डिझाइनवाल्यांच्या बिलाचा शेवटचा हप्ता थांबवा.