खोटी जागल

संत्र्याच्या बागा फळांवर आल्या की सौंसर-पांढुर्ण्याच्या शिवारात रात्रीची जागल सुरू होते. जागल करणारा नुसते डोळे उघडे ठेवीत नाही. वारा कोणता, जनावर कोणते आणि माणसाचे पाऊल कोणते, हे ओळखूनच तो हाक देतो. पान हलले की ओरडणाऱ्याच्या मदतीला तिसऱ्या रात्री कोणी धावत नाही.

मोटारीतील चोरीविरोधी अलार्म ही अशीच जागल आहे. तिला विवेक मात्र नाही. जड ट्रक गेला, वरातीचा ताशा कडाडला, की उभी मोटार आक्रोश करू लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. सायरनचा आवाज जवळून शंभराच्याही वर जातो. आजारी वृद्ध दचकतात, परीक्षार्थी मूल त्रासते. त्याहून मोठी हानी अशी की, खरोखर चोर आला त्या रात्री कोणी खिडकीही उघडीत नाही.

दोष बहुधा शोधता येतो. प्रथम बॅटरी तपासावी. मोटार काही तास उभी राहिल्यावर १२ व्होल्टची चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. ती क्षीण झाली की दाब उतरतो आणि काही अलार्म त्यालाच घुसखोरी समजतात. मग बॉनेटखालचे लहान बटण पाहावे. धूळ वा गंज साचला की बंद बॉनेटही यंत्राला उघडे भासते. दारांच्या बटणांचेही तेच. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय, हेही पाहावे. आत हालचाल टिपणारे यंत्र असेल तर काच उघडी ठेवू नये, आरशाला बाहुली टांगू नये.

इतके करूनही आवाज थांबला नाही, तर धक्का ओळखणाऱ्या यंत्राची संवेदनक्षमता जाणत्या कारागिराकडून थोडीथोडी कमी करून घ्यावी. वैतागून तारच तोडणे म्हणजे जागल करणाऱ्याला घरी धाडणे होय.

जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनाला शनिवारी मोटारींची दाटी होते. तेथे एक मोटार ओरडू लागली की मालकाखेरीज कोणीच वळून पाहत नाही, आणि पुष्कळदा मालकही नाही. यंत्र विकत मिळते; शेजाऱ्याचा विश्वास मिळत नाही. तो राखावयाचा असेल, तर आपल्या दारातील मोटारीने कारणावाचून हाक देता कामा नये.