चूक दाखविण्याची रीत

वह्या तपासणाऱ्या शिक्षकांचे दोन प्रकार असतात. एक समासांत नुसता 'अशुद्ध' असा शेरा मारून वही परत करतो. दुसरा चुकलेल्या शब्दाखालीं रेघ ओढून 'येथें षष्ठी हवी' असें लिहितो. पहिल्याचा शेरा खोटा नसतो, पण त्यानें मुलाच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. हल्लीं घरांतील दिवे, पंखे व पाण्याचे पंप संगणकाच्या आज्ञेनें चालविण्याची सोय निघाली आहे. तेथेंहि हाच भेद आमच्या दृष्टीस पडतो.

'होम असिस्टंट' ही या प्रकारची एक प्रसिद्ध प्रणाली. पाउलस स्खाउट्सन यांनीं २०१३ सालीं तिचा आरंभ केला. तींतील नियम पडद्यावरील चौकटी भरून करतां येतात, किंवा 'यॅमल' नांवाच्या लेखनपद्धतीनें स्वतः लिहितां येतात. या पद्धतींत ओळीच्या आरंभीं सोडलेल्या मोकळ्या जागेवर अर्थ ठरतो, आणि ती जागा 'टॅब'च्या कळीनें सोडणें निषिद्ध आहे. डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच दिसतात. अशी चूक झाली म्हणजे संगणक इंग्रजींत सांगतो कीं, 'टोकनचा आरंभ करूं न शकणारें अक्षर आढळलें'. ओळीचा आंकडा तो देतो खरा. परंतु तो जेथें अडखळला त्या ओळीचा असतो. मिटावयाचें राहिलेलें अवतरणचिन्ह पुष्कळदां त्याच्या वरच असतें.

याहून कठीण गोष्ट म्हणजे मौन. यॅमलच्या १.१ आवृत्तीच्या नियमाप्रमाणें रात्रीं साडेदहाची वेळ अवतरणचिन्हांवांचून २२:३०:०० अशी लिहिली, तर ती षष्टिमान पद्धतीची संख्या समजून ८१००० अशी वाचली जाते. ०७:०५:०० ही वेळ मात्र शून्यानें सुरू होत असल्यामुळें जशीच्या तशी राहते. म्हणजे सकाळचा नियम बरोबर चालतो आणि रात्रीचा बिघडतो! २००९ सालच्या १.२ आवृत्तींत हा नियम वगळला गेला. तरी अनेक साधनें अद्याप जुन्याच नियमानें वाचतात.

यांत मोठें तें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. पण एकत्र कुटुंबांत नियम लिहिणारा मुलगा बहुधा नोकरीनिमित्त परगांवीं असतो. माजघरांतील दिवा रात्रीं लागला नाहीं, तर अंधारांत चांचपडावें लागतें तें वृद्ध सासूबाईंना, आणि पडद्यावरचा संदेश वाचावा लागतो तो सूनबाईंना. तो संदेश लिहितांना कर्त्यानें याच वाचकाला डोळ्यांपुढें ठेवावें.

आमच्या मतें संदेशांत चार गोष्टी असाव्यात: चूक कोठें झाली, संगणकानें काय वाचलें, त्याला काय हवें होतें, आणि आतां काय करावें. उदाहरणार्थ, 'ओळ १४: वेळेच्या जागीं ८१००० ही संख्या आली आहे. वेळ अवतरणचिन्हांत लिहा.' इतकें असलें म्हणजे सूनबाईंना तें दूरध्वनीवर जसेंच्या तसें वाचून दाखवितां येतें, आणि मुलालाहि तिकडून उपाय सांगतां येतो. जेथें संगणकाला निश्चित कारण कळत नसेल, तेथें त्यानें 'या ओळीच्या वरची ओळहि पाहा' असें प्रामाणिकपणें सुचवावें. उगीच तर्क करूं नये. शिवाय चूक सुधारेपर्यंत जुना, बरोबर असलेला नियम चालूं ठेवावा. होम असिस्टंट पुन्हा सुरू होण्यापूर्वीं लिखाण तपासतें व तें अशुद्ध असल्यास थांबतें. ही व्यवस्था आम्हांस पसंत आहे.

संदेश सुधारेपर्यंत आमच्या वाचकांनीं तीन गोष्टी पाळाव्यात. वेळ नेहमीं अवतरणचिन्हांत लिहावी. बदल करण्यापूर्वीं चालूं लिखाणाची एक प्रत काढून ठेवावी. आणि माजघराच्या दिव्याला भिंतीवरचें साधें बटण अवश्य राहूं द्यावें.