राज्य मिळाले, बंधुभावाचे काय?



9 ऑगस्टच्या सुमारास नोव्हेनात ध्वज लागले की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: 1965 साली सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले म्हणूनच एकसंध झाले, भांडणाऱ्या जमाती एकत्र कोंबण्यापेक्षा फारकत बरी. आपल्यातले काहीजण लगेच 1 मे 1960 चा, द्विभाषिक मुंबई राज्याच्या विभाजनाचा दाखला जोडतात.

हा इतिहास अर्धवट आहे. फारकतीनंतरही सिंगापुरात चिनी, मलय, तमिळ राहिलेच. चार अधिकृत भाषा, 1989 पासून सरकारी वसाहतींमधला वांशिक कोटा, हे जाणीवपूर्वक घेतलेले निर्णय होते. सीमारेषेची देणगी नव्हे.

आणि महाराष्ट्र? संयुक्त महाराष्ट्राचा लढा डांगे, एसेम, अत्रे यांच्याबरोबर गिरणी कामगारांनी लढवला. शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले. मागणी मुंबईसह मराठी राज्याची होती, परप्रांतीयांना हाकलण्याची नव्हे. पण 1966 मध्ये शिवसेना निघाली आणि दाक्षिणात्य कारकून शत्रू ठरला, गिरणीमालक नाही! सीमा आखून झाली, तरी आत 'परका' शोधला गेलाच.

तेव्हा प्रश्न सीमेचा नाही, 'आपला' कोणाला म्हणायचे याचा आहे. इथल्या इमारती बांधणारा तमिळ वा बांगलादेशी मजूर आजही लॉरीच्या हौद्यात बसून कामावर जातो. त्याला पाहून आपण मान वळवणार असू, तर मुंबईतल्या बिहारी टॅक्सीवाल्यासाठी गळा काढण्याचा आपल्याला काय अधिकार?